छोटं विमान उतरवायला शिकताना: नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

मी छोट्या विमानांवर शिकवतो. घरी नाशिकला आलो की शिकणारी मुलंमुली भेटतात, त्यांचे आईवडील भेटतात, आणि प्रश्न फिरून फिरून लँडिंगवर येतात. टेकऑफबद्दल सहसा कुणी विचारत नाही. खाली उत्तरं दिली आहेत. वेगाचे आकडे सेस्ना १७२ डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत. तुमच्या विमानाचं हँडबुक किंवा तुमचा इन्स्ट्रक्टर वेगळं सांगत असेल, तर त्यांचं ऐका.

ओझरला एवढा मोठा रनवे असताना मुलांना बाहेरगावी का जावं लागतं?

नाशिकजवळच्या ओझरचा रनवे एचएएलचा, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा आहे. साठच्या दशकात मिग बांधायला तो कारखाना उभा राहिला, पुढे सुखोई आली. तिथे कारखान्याच्या विमानांच्या चाचण्या चालतात आणि प्रवासी विमानंही उतरतात. लँडिंग शिकताना एकाच रनवेवर तासभर गोल गोल फिरायचं असतं, त्यासाठी निवांत जागा लागते. नाशिकच्या गांधीनगरचा तळ आर्मी एव्हिएशनचा, तिथे शिकतात ते लष्करी वैमानिक आणि तेही हेलिकॉप्टर. त्यामुळे आपली बहुतेक मुलं धुळे, शिरपूर, जळगाव, बारामती किंवा थेट गोंदियाला जातात. ओझर त्यांना भेटतं ते पुढे, क्रॉस-कंट्रीच्या (एका विमानतळावरून दूरच्या दुसऱ्यावर जायच्या सरावाच्या) वेळी. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

लँडिंग नेमकं सुरू कुठून होतं?

डाउनविंडवर. म्हणजे रनवेला समांतर, उलट दिशेने, जमिनीपासून १,००० फुटांवर उडत असताना. चाकं टेकण्याचा क्षण सगळ्यांच्या लक्षात राहतो, पण तो बहुतेक वेळा आधीच ठरून गेलेला असतो. माझं तर मत असं की विद्यार्थ्याचं फायनल (रनवेच्या ओळीतला शेवटचा सरळ टप्पा) बघितलं की मागे बसून डोळे मिटले तरी लँडिंग कसं होणार ते सांगता येतं.

साधारण क्रम असा. रनवेच्या ज्या टोकाला उतरायचं ते टोक बाजूला आलं की पॉवर कमी, वेग ८५ नॉटच्या (ताशी नॉटिकल मैलांच्या) आसपास, फ्लॅपचा (पंखामागच्या खाली वळणाऱ्या पट्टीचा) पहिला टप्पा. बेसवर (रनवेला काटकोनातल्या टप्प्यावर) वळताना दुसरा टप्पा, वेग ७५. फायनलवर ओळीत आलो की पूर्ण ३० अंश फ्लॅप आणि ६५ नॉट. प्रत्येक वेळी ट्रिम करायचं, म्हणजे छोटं चाक फिरवून हातावरचा जोर काढून टाकायचा. ट्रिम न करता हातानेच ताकद लावत खाली येणारा विद्यार्थी ३०० फुटांवर पोचतो तोपर्यंत त्याचं मनगट थकलेलं असतं, आणि नेमकं नाजूक काम तिथून पुढेच असतं.

३०० फुटांवर माझा एकच निकष आहे: विमान रनवेच्या मध्यरेषेवर आहे का, वेग ६५च्या आसपास स्थिर आहे का, आणि पॉवरला सारखा हात लावावा लागत नाही ना. यातलं एक जरी नसेल तर वर जायचं, पुन्हा यायचं.

आपण उंच आलोय की खाली, हे आतून कसं ओळखायचं?

रनवेवरचा एक ठिपका धरा, बहुतेक वेळा मोठे आकडे रंगवलेले असतात तेच. समोरच्या काचेत तो ठिपका जागचा हलत नसेल तर तुम्ही तिकडेच चालला आहात. तो काचेत वर सरकायला लागला तर कमी पडताय, खाली सरकला तर पुढे जाऊन पडणार. रनवेशेजारी पापीचे (उताराचा कोन दाखवणारे चार) दिवे असतील तर दोन पांढरे, दोन लाल दिसायला हवेत. चारही पांढरे म्हणजे फार उंच. चारही लाल दिसले तर विचार करत बसू नका, लगेच पॉवर द्या.

तोंडी हिशेबही आहे. तीन अंशांच्या उतारावर एका नॉटिकल मैलाला साधारण ३०० फूट उतरायचं असतं. जमिनीवरच्या वेगाला पाचाने गुणलं की मिनिटाला किती फूट उतरायचं ते मिळतं. ६५ नॉटला सुमारे ३२५.

नाकाने वेग सांभाळायचा आणि पॉवरने उंची, की उलट, यावर हँगरमध्ये चहाबरोबर तासन्‌तास वाद होतात. छोट्या विमानावर सुरुवातीला नाकाने वेग, पॉवरने उंची हे धरून चला. वाद नंतर घाला.

फ्लेअर कधी करायचा? सगळे म्हणतात "जमिनीजवळ आलं की". पण जवळ म्हणजे किती?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. फ्लेअर म्हणजे टेकण्याआधी नाक उचलून खाली येणं मोडणं. आकडा हवा असेल तर १५ फुटांच्या आसपास. पण अल्टिमीटरवर १५ फूट वाचता येत नाहीत, आणि वाचायला गेलात तर तेवढ्यात जमीन येते. हे काम डोळ्यांचं आहे.

एसटीच्या खिडकीतून जवळचे खांब बघितले तर नुसत्या रेघा पळतात, दूरचा डोंगर मात्र स्वच्छ दिसतो. रनवेचंही तसंच. नाकापुढच्या डांबराकडे बघाल तर सगळं अंगावर धावून येतं, घाबरून तुम्ही योक (हातातला स्टिअरिंगसारखा दांडा) लवकर ओढता आणि विमान दहा फुटांवर लटकतं. फार दूर क्षितिजाला नजर लावली तर उंची कळतच नाही आणि विमान सरळ जाऊन आपटतं. आकडे ओलांडत आलात की नजर उचलून रनवेच्या पलीकडच्या टोकाकडे न्यायची. मग दोन्ही बाजूंच्या कडा डोळ्यांच्या कोपऱ्यांत वर यायला आणि रुंदावायला लागतात. आपण खाली बसतोय हे त्यावरून कळतं. पहिल्या काही सॉर्टींत (उड्डाणांत) हे दिसत नाही. एक दिवस अचानक दिसायला लागतं आणि मग कायम दिसतं.

नाक क्षितिजाला समांतर आणलं, पॉवर बंद केली, आता काय? आता विमानाला उतरू द्यायचं नाही. हे ऐकून विद्यार्थी हसतात, पण खरंच तेच करायचं असतं. रनवेच्या फूटभर वर विमान उडतं ठेवायचा प्रयत्न करा. वेग कमी होत जाईल तसं विमान बसायला लागेल, तितकंच योक मागे. शेवटी स्टॉलचा (पंखांची उचल सुटत आल्याचा) भोंगा कुरकुरायला लागतो आणि मागची दोन चाकं टेकतात. नाकाचं चाक हळूच नंतर. पुढचं चाक आणि त्यामागची फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत) हे या विमानाचे नाजूक भाग आहेत, आणि वेगात पुढचं चाक आधी टेकवणं हा दुरुस्तीचं मोठं बिल आणायचा खात्रीचा मार्ग आहे.

इथे आणखी एक गोष्ट आड येते. जमिनीपासून पंखांच्या लांबीइतक्या उंचीच्या आत आलं की (१७२चे पंख टोकापासून टोकापर्यंत ३६ फूट) हवेचा अडथळा कमी होतो आणि विमान तरंगत राहतं. ६५ऐवजी ७२ नॉटने आलात, म्हणजे जेमतेम दहा टक्के जास्त, तर लागणारं अंतर सुमारे २० टक्क्यांनी वाढतं, कारण ते वेगाच्या वर्गाने वाढतं. "थोडा वेग जास्त असलेला बरा" ही समजूत मुलं कुठून आणतात कोण जाणे. जास्तीचा वेग रनवेवर कुठेतरी खर्च करावाच लागतो.

विमान टेकून पुन्हा उसळलं तर?

उसळी छोटी असेल तर नाक आहे तिथे धरा, किंचित पॉवर द्या, पुन्हा बसू द्या. उसळी मोठी असेल तर पूर्ण पॉवर आणि गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जायचं. करायचं नाही ते एकच: योक पुढे ढकलणं. उसळलेलं विमान खाली दाबायचा मोह फार जोरदार असतो. दाबलं की पुढचं चाक आपटतं, विमान आणखी उंच उसळतं, तुम्ही आणखी दाबता. दुसऱ्या-तिसऱ्या उसळीला चाक मोडतं आणि प्रोपेलर डांबरावर घासतो. याला पॉर्पॉइझिंग म्हणतात, आणि हे विमान करत नाही, हात करतो.

बलून म्हणजे टेकण्याआधीच योक जास्त ओढल्याने विमान वर जाणं. तिथेही हाच नियम.

गो-अराउंड केलं तर शेरा वाईट मिळतो का?

नाही. उलट वेळेवर न केल्याबद्दल मिळतो. मी तर सोलोला (एकट्याने उडायला) पाठवायच्या आधी विद्यार्थ्याने न सांगता, स्वतःहून एक तरी गो-अराउंड केलेलं असावं असं बघतो. तो निर्णय त्याचा तो घेऊ शकतो का, हे मला कळायला हवं.

कृती सरावाने अंगात मुरवा, कारण ऐनवेळी विमान जरा अंगावर येतं. पूर्ण पॉवर दिली की लँडिंगसाठी केलेल्या ट्रिममुळे आणि फ्लॅपमुळे नाक एकदम वर उठतं आणि डावीकडे वळतं. म्हणून थ्रॉटल पुढे, त्याच क्षणी योक पुढे दाबून धरायचा, उजवा पाय रडरवर (नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पेडलवर). फ्लॅप लगेच ३०वरून २०वर, बाकीचे विमान चढायला लागल्यावर टप्प्याटप्प्याने. सेस्ना १५२ असेल तर कार्ब हीट (कार्ब्युरेटरला दिलेली गरम हवा) बंद करायला विसरू नका. रेडिओ सगळ्यात शेवटी. टॉवरला दिसतंच आहे की तुम्ही वर चालला आहात.

वारा आडवा असला की मुलगा फोनवर म्हणतो "आज फ्लाइंग नाही". एवढं काय असतं त्यात?

वारा किती आहे यापेक्षा त्यातला आडवा भाग किती, हे महत्त्वाचं. ओझरचा रनवे पूर्व-पश्चिम आहे, ०९ आणि २७, म्हणजे ९० आणि २७० अंश. समजा २७वर उतरायचंय आणि टॉवरने वारा २४० अंशांवरून १२ नॉट सांगितला. फरक ३० अंश, म्हणजे निम्मा वारा आडवा: ६ नॉट. फरक ४५ असेल तर सुमारे ७० टक्के, ६० असेल तर जवळजवळ सगळाच धरा. एवढा हिशेब टॉवरचं वाक्य संपेपर्यंत डोक्यात व्हायला हवा.

१७२च्या पुस्तकात १५ नॉटचा आडवा वारा "दाखवून दिलेला" म्हणून लिहिलेला असतो, १५२साठी १२. चाचणी वैमानिकाने तेवढ्यात उतरवून दाखवलं, एवढाच त्याचा अर्थ. विद्यार्थ्यासाठी प्रत्येक संस्था यापेक्षा बरीच खालची मर्यादा ठेवते आणि ते योग्यच आहे. त्यामुळे फ्लाइंग बंद असेल तर मुलगा खोटं बोलत नाहीये.

तंत्राचं म्हणाल तर फायनलवर नाक वाऱ्याकडे थोडं तिरकं ठेवून मध्यरेषेवर यायचं. टेकण्याआधी रडरने नाक सरळ करायचं आणि वारा ज्या बाजूने येतोय तो पंख जरा खाली ठेवायचा. आधी त्या बाजूचं चाक टेकेल, मग दुसरं. दोन पायांनी आणि दोन हातांनी चार वेगळ्या गोष्टी करायच्या असतात, म्हणून हे सगळ्यात उशिरा येतं. आणि टेकल्यावर योक सोडून देऊ नका. वेग कमी होईल तसा तो वाऱ्याकडे आणखी वळवत न्यायचा, नाहीतर वारा पंख उचलतो.

एप्रिल-मेमध्ये पहाटे पाचला उठवून का नेतात?

दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे दुपारची हवा. काळी नांगरलेली जमीन आणि कातळ तापले की त्यावरून हवा वर उसळते, शेततळी आणि हिरव्या बागांवर ती त्या मानाने शांत असते. फायनलवर अशा तुकड्यांवरून येताना विमान एकदा उचललं जातं, एकदा पडतं. अनुभवी माणूस ते निभावून नेतो. फ्लेअर शिकणाऱ्याला मात्र कळत नाही की आत्ता जे झालं ते हाताने झालं की हवेने, आणि तो तास शिकण्याच्या दृष्टीने वाया जातो.

दुसरं कारण विरळ हवा. ओझर समुद्रसपाटीपासून जवळपास २,००० फुटांवर आहे. त्या उंचीवर प्रमाण तापमान ११ अंश धरतात. दुपारी ३८ अंश असेल तर फरक २७, आणि दर अंशाला साधारण १२० फूट या हिशेबाने विमानाला वाटतं की आपण ५,२०० फुटांवर आहोत. यंत्रावर ६५ नॉटच ठेवायचे, त्यात बदल नाही. पण हवेतला खरा वेग ७०च्या घरात जातो. जमीन जरा वेगाने पळते, थांबायला सहाव्या हिश्शाने जास्त रनवे लागतो. "वेग जास्त दिसतोय" म्हणून नाक वर करणारा विद्यार्थी इथेच चुकतो. डोळ्यांवर नाही, त्या वेळी काट्यावर विश्वास ठेवायचा. आणि अशा हवेत गो-अराउंड केलं तर विमान चढतं तेही कुरकुरत.

पावसाळ्यात आणि थंडीत काय होतं?

पावसाळ्यात ढग सह्याद्रीला टेकलेले असतात. विद्यार्थ्याला डोळ्यांनी बघूनच उडायचं असतं आणि त्यासाठी ५ किलोमीटर दृश्यमानता लागते, त्यामुळे बरेच दिवस ब्रीफिंग रूममध्ये जातात. थंडीत निफाडकडचा पारा किती खाली जातो हे सांगायला नको. अशा सकाळी जमिनीलगत धुकं आणि धूर अडकून बसतो, वरून सरळ खाली बघितलं तर रनवे दिसतो आणि फायनलवर तिरकं बघितलं की गायब होतो. शिवाय नांदूरमध्यमेश्वरला हिवाळ्यात पाहुणे पक्षी असतात. राज्यातली ती पहिली रामसर पाणथळ, बघायला जरूर जा, पण विमानाने तिच्यावरून खाली जाऊ नका.

फायनलवर इंजिन बंद पडलं तर?

विमान दगडासारखं पडत नाही. १७२ ला ६८ नॉटवर ठेवलं तर १ फूट खाली येताना ते साधारण ९ फूट पुढे जातं. म्हणजे सर्किटच्या (रनवेभोवतीच्या फेरीच्या) १,००० फुटांवरून दीड नॉटिकल मैल. म्हणूनच आम्ही "सर्किट आवळून घ्या" म्हणून ओरडत असतो. लांबलचक फायनल घेऊन, खाली राहून, पॉवरवर रांगत येणाऱ्याला रनवे गाठता येणार नाही.

आपल्या भागात शेत निवडायचं असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. वरून द्राक्षबाग मऊ हिरवी गादी दिसते. तिच्यात लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा असतात. कांदा किंवा गहू काढून मोकळं झालेलं वावर बघा, सरीच्या दिशेने उतरा, आणि विजेच्या तारा वरून दिसत नाहीत म्हणून खांब शोधा.

कार चालवता येत असेल तर फायदा होतो?

फारसा नाही. जमिनीवर विमान पायांनी वळवायचं असतं, आणि गाडीवाले टेकल्या टेकल्या योक स्टिअरिंगसारखा फिरवतात. पुढच्या बॉनेटच्या टोकाकडे बघायची सवयही मोडावी लागते. सायकल नीट येणारी मुलं लवकर शिकतात असा माझा समज आहे, पुरावा काही नाही.

आणि घरचा सिम्युलेटर?

सर्किटचा क्रम, रेडिओची वाक्यं, चेकलिस्ट यासाठी उत्तम. फ्लेअरसाठी निरुपयोगी, कारण सपाट पडद्यावर डोळ्यांच्या कोपऱ्यात काही येतच नाही.

मुलगी उंचीने लहान आहे. तिला पुढचं दिसेल का?

उशी घेतली की दिसेल, बऱ्याच जणी घेतात आणि बरेच जणही. महत्त्वाचं हे की रोज तीच उशी, सीट त्याच खाचेत. डोळ्यांची पातळी दोन इंच बदलली तरी रनवे काचेत वेगळ्या ठिकाणी दिसतो आणि काल जमलेलं लँडिंग आज जमत नाही. हे उंच मुलांनाही लागू आहे. आणि सीट खाचेत नीट अडकली आहे का, हे टेकऑफआधी हलवून बघायचंच. चष्मा असेल तर दुसरा जोड जवळ हवा.

सोलो किती तासांनी होतो? भावकीतल्या एकाचा लवकर झाला म्हणे.

कुणाचा पंधराव्या तासाला, कुणाचा पंचविसाव्या. मध्ये पाऊस आला, विमान दुरुस्तीला गेलं, परीक्षा आली की हात मोडतो आणि पुन्हा मागून सुरुवात होते. तासांची तुलना करू नका. सीपीएलला (व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला) एकूण २०० तास लागतात, त्यातले १०० स्वतः पायलट-इन-कमांड म्हणून, त्यामुळे सोलो पाच तास उशिरा झाल्याने आयुष्यात काहीही अडत नाही.

मध्ये एक टप्पा जवळपास सगळ्यांना येतो: चार लँडिंग छान, मग सलग आठवडाभर एकही धड नाही. विद्यार्थी रडकुंडीला येतो, घरी फोन जातो, वडील म्हणतात इंजिनिअरिंग काय वाईट होतं. अशा वेळी मी सर्किट बंद करून त्याला लांब घेऊन जातो आणि कमी वेगात उडायचा, स्टॉलचा सराव करून घेतो. हात मोकळा झाला की लँडिंग आपोआप परत येतं. शिवाय एकच इन्स्ट्रक्टर शक्यतो सोलोपर्यंत ठेवा. दोघांचे शब्द वेगळे असतात आणि गोंधळ विद्यार्थ्याचा होतो.

एकटं उडताना विमान बदललेलं वाटेल, हे मात्र आधी सांगून ठेवतो. शेजारचं वजन गेलेलं असतं, त्यामुळे ते पटकन चढतं आणि फ्लेअरमध्ये जास्त तरंगतं. घाई करू नका, बसेल.

क्रॉस-कंट्रीला ओझरला उतरताना वेगळं काय?

परवानगी आधी लागते, ते संस्था बघते. धुळ्याकडून आलात तर मध्ये सातमाळा आहे. धोडप, सप्तशृंगी हे माथे ४,००० फुटांच्या वर आहेत, रांग ओलांडल्याशिवाय उतरायची घाई नको. तापीच्या खोऱ्यातल्या रनवेवर सर्किटला अल्टिमीटरवर दोन हजारांच्या आत आकडा बघायची सवय असते, ओझरला तो ३,०००च्या आसपास दिसला पाहिजे.

आणि रनवेची रुंदी. ३ किलोमीटर लांब, ४५ मीटर रुंद. अरुंद पट्टीवर शिकलेल्या डोळ्यांना रुंद रनवे जवळ आल्यासारखा वाटतो, आपण खूप खाली आहोत असं भासतं आणि विद्यार्थी वीस-पंचवीस फुटांवरच फ्लेअर सुरू करतो. घरच्या गावात, कुणीतरी कुंपणापलीकडून बघत असताना, धाडकन बसण्याचं हे नेहमीचं कारण. नजर पलीकडच्या टोकाला, आणि जरा थांबा.

पहिल्या सोलोला आम्ही आईवडील आलो तर चालेल?

आलात तर चालेल, पण तारीख कळणार नाही. त्या सकाळी दोन-तीन सर्किट बघून इन्स्ट्रक्टर दरवाजा उघडतो आणि उतरतो, विद्यार्थ्यालाही तेव्हाच कळतं. आदल्या दिवशी सांगितलं तर पोरगं रात्रभर झोपत नाही आणि सकाळी मलाच परत बसावं लागतं. बऱ्याच क्लबांमध्ये नंतर बादलीभर पाणी अंगावर ओततात, तेव्हा बॅगेत कपड्यांचा एक जोड ठेवायला सांगा. आणि मोबाइल आधी खिशातून काढून ठेवायला.